वेलिंग्टनचे बूट, अडगावची माती

बिल ब्रायसन हा अमेरिकेतल्या आयोवाचा, म्हणजे मक्याच्या मुलखातला माणूस. 1973 साली तो रात्रीच्या बोटीने डोव्हरला उतरला, इंग्लंडातच नोकरी आणि लग्न करून वीसेक वर्षं राहिला, आणि कुटुंबासह मायदेशी परतण्याआधी बस-रेल्वेने देशभर एक चक्कर मारून त्याने ‘नोट्स फ्रॉम अ स्मॉल आयलंड’ लिहिलं. 1995 साली ते आलं. इंग्रजांचा चहा, त्यांचा भुरभुर पाऊस, बोर्डिंग हाउसच्या मालकिणी, रेल्वेची वेळापत्रकं, सिमेंटच्या कुरूप इमारती, कशाचीही त्याने गय केली नाही. आणि 2003 साली जागतिक पुस्तक दिनाच्या निमित्ताने झालेल्या मतदानात ब्रिटिश वाचकांनी, आपली ओळख सगळ्यात चांगली सांगणारं पुस्तक म्हणून हेच निवडलं.

ही शेवटची गोष्ट माझ्या मामांना काही केल्या पटेना. मामा राहतात अकोल्यात, शेती तेल्हारा तालुक्यात अडगावच्या शिवारात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते माझ्याकडे अमरावतीला राहिले. डॉक्टरांनी वाचन आणि टीव्ही दोन्ही बंद केलं, म्हणून मी त्यांना हे पुस्तक वाचता वाचता मराठीतून सांगू लागले. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. मामांच्या हिशेबी तो पोटापाण्याचा धंदा आहे, वाचन वेगळं. मराठी मात्र ते कडक वाचतात आणि त्याहून कडक बोलतात. पुस्तकावर आमचं जुळलं नाही. जे बोलणं झालं ते इथे देते, मामांचं त्यांच्याच बोलीत. ती ‘सुधरवायची’ नाही, ही त्यांची अट.

मामा : म्हंजे परक्या मानसानं त्यायची टिंगल केली, अन् त्यायनंच त्याले हार घातला?

मी : हारच. पुढे 2007 ते 2012 तो इंग्लंडचा ग्रामीण भाग जपणाऱ्या त्यांच्या मोठ्या संस्थेचा अध्यक्ष होता. 2014 मध्ये ब्रिटिश नागरिकही झाला.

मामा : आपल्या अथी कोनी असं लिहून पाहावं. ग्रामसभेत ठराव होईन, अन् मंग तो ठराव कोनं मांडावा याच्यावरून मारामारी होईन.

मी : बघा, हेच तर तो लिहितो. तुम्ही आत्ता जे बोललात ते त्याच्या पुस्तकात सहज बसलं असतं.

मामा : मी माह्या गावावर बोल्लो. मले अधिकार हाय. त्याले कोनं देल्ला?

इथेच आमची वाट फुटली. माझं म्हणणं, विनोदी प्रवासवर्णनाला अधिकार लागत नाही, मुक्काम लागतो. ब्रायसन यॉर्कशरमधल्या मॅलमच्या खोऱ्यात राहिला. तिथे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट जरासं वर करायचं, एवढाच नमस्कार. नव्या माणसाला ते बोटसुद्धा लगेच मिळत नाही. ते कळायला राहावं लागतं, तासाभराच्या फेरीत ते दिसत नाही.

मामा : एक बोट? निरा एकच? अन् त्याच्यासाठी मानूस वाट पाह्यते? आमच्या गावात मानूस दिसला का फटफटी उभी करा लागते. ‘कुठी चालले’ इचारा लागते. त्यानं सांगतलं नाई तरी चालते, पन इचाराच लागते. तसंच निंगून गेला त रात्री घरी मानूस येते, ‘काही राग हाय काय’ म्हून.

मी : हेच लिहायला हवं ना कुणीतरी.

मामा : लिहून काय करतं? गावाले माईत हाय.

मी त्यांना पुस्तकातला एक गाजलेला विनोद सांगितला. चार इंग्रज पुरुषांपुढे सहज म्हणावं, की आम्ही उद्या मोटारीने अमुक गावी जाणार आहोत. की झालं. कोणता रस्ता घ्यायचा, कुठे वळायचं, कुठे किती वाजता अडकायला होईल, यावर तासभर चर्चा, आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा. मामांनी तो अर्धाच ऐकून घेतला.

मामा : त्यात हासन्यासारखं काय हाय? बराबर हाय ते. आता अकोल्याहून अमरावतीले यायचं त बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा, हा हायवे. पन तुले वाट्टे तेवढा तो जवय नाई. मूर्तिजापूरच्या अलीकडं ट्रकायची लाइन लागली का गेला तुह्या तास. त्याच्यापेक्षा दर्यापुरावरून ये. रस्ता बारीक हाय, पन झाडं हायेत. अन् माह्यासारख्याले अडगावहून यायचं असन त अकोट, अंजनगाव, परतवाडा. तथी भजे चांगले भेटतात.

मी हसत होते. ते का, हे त्यांना कळलं, आणि कळूनही त्यांनी तिसरा रस्ता पुरता सांगून संपवला.

हायवेचा विषय निघालाच होता म्हणून सांगते. जून 2022 मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर 75 किलोमीटरचा डांबरी थर सलग 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. त्याआधी वर्षानुवर्षं त्या रस्त्याने गाडी घालायची म्हणजे पाठीच्या मणक्याची परीक्षा होती. वर्षांचं रखडणं आणि तासांचा विक्रम एकाच रस्त्याच्या नशिबी यावा, यात ब्रायसनला एक अख्खं प्रकरण दिसलं असतं. मामांना दिसला फक्त रस्ता.

मामा : झाला ना चांगला? मंग हासतं काहून?

विनोदाचं ओझं हे असं असतं. ज्याचं काम झालं त्याला हसू येत नाही आणि ज्याचं झालं नाही त्याला हसायला फुरसत नाही. म्हणून मी पु. लं.कडे वळले. तिथे मामांना विरोध करणं अवघड जाईल, असा माझा अंदाज होता.

पु. ल. देशपांडे 1958 साली बीबीसीकडे टेलिव्हिजनचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेले. त्यातून ‘अपूर्वाई’ झाली. ती आधी ‘किर्लोस्कर’ मासिकात आली आणि 1960 मध्ये पुस्तकरूपाने, शि. द. फडणिसांच्या चित्रांसह. मला त्या पुस्तकाची मोठी गोष्ट वाटते ती ही, की त्याने पाहणाऱ्याची आणि पाहिल्या जाणाऱ्याची जागा बदलली. वऱ्हाडाचंच घ्या. आल्फ्रेड लायल या साहेबाने 1870 साली वऱ्हाडाचं गॅझेटियर काढलं. जाती किती, जत्रा किती, कापूस किती, कोणाचा स्वभाव कसा, सगळं कलमवार. शंभर वर्षं साहेब आपल्याकडे असा वही घेऊन पाहत होता. पु. ल. गेले आणि साहेबाच्या घरात पाहुण्यासारखे हिंडले. साहेब गाडीत गप्प का बसतो, जेवतो काय, लाजतो कशाला, हे पाहून ते हसले. त्या हसण्यात सूडाचा लवलेश नाही. स्वातंत्र्य मिळून जेमतेम अकरा वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं तर मला ही साधी गोष्ट वाटत नाही.

मामा : पु. लं.ले मी नाव ठेवत नाई. पन 1960 सालीच उद्धव शेळक्यायनं ‘धग’ लिहिली, अथीसाच्या बोलीत. त्याच्यातली कौतिक आठवते? नवरा शिंपी, त्याले महारोग झाला, लेकरं लहान, अन् ती बाई एकटी संसार ओढते. एकाच साली एक पुस्तक लंडनले गेलं, अन् एक अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यात उपाशी बसलं. महाराष्ट्रानं हासून हासून कोनतं वाचलं?

मी : दोन्ही वाचलं, मामा. आणि दोन्ही अजून छापली जातात.

मामा : छापनं येगळं. घरोघरी कोनतं हाय ते सांग.

याला माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते त्यांच्याच बाजूचं होतं. मी विषय पुढे नेला. पु. लं.नी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर कसं व्हावं यावर लिहिलं आहे, त्यात विदर्भ आला की, असं म्हणाले. मामा उशी सरळ करून बसले. नागपूर म्हणजे वऱ्हाड, असं अकोल्याच्या माणसासमोर म्हणू नये.

मामा : नागपूर भोसल्यायचं. आमी निजामाचे. 1853 साली इंग्रजानं निजामाजवयून वऱ्हाड घेतलं, फौजेचा थकलेला पगार हे निमित्त, अन् डोया कापसावर. मंग 1903 मधी आमाले मध्यप्रांताले जोडलं. ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’. तवापासून आमी त्या ‘व’च्या पलीकडं उभे हाओत. पु. लं.ची गाडी ‘व’च्या अलीकडंच थांबली.

मी : मग वऱ्हाडातल्या माणसांनी लिहायचं. आपलेही लोक इंग्लंडला गेलेच होते की. दादासाहेब खापर्डे टिळकांच्या अपिलासाठी 1908 ते 1910 तिथे राहिले. अमरावतीचा एवढा हजरजबाबी वकील, दोन वर्षं इंग्रजांच्या गावात, आणि रोजची डायरी लिहिणारा. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख पापळसारख्या खेड्यातून एडिंबरा, ऑक्सफर्डला गेले. एकानेही ‘अपूर्वाई’ लिहिली नाही.

मामा : भाऊसायेबाच्या मांगं येळ होता काय? वेदातल्या धर्मावर डॉक्टरकी केली, वापस आले, 1932 मधी शिवाजी शिक्षण संस्था काढली. तू शिकली त्या शायेत, मी शिकलो त्या शायेत. अन् खापर्डे? ज्याचा दोस्त मंडालेच्या तुरुंगात हाय त्यानं लंडनच्या चहाची गंमत लिहावी? बाई, हासाले बी रिकामपन लागते. आपले लोक तथी कामानं गेले. काम झालं का वापस.

हा त्यांचा मुद्दा मी तेव्हा मान्य केला नाही आणि आजही अर्धाच करते. काम घेऊन गेलेला माणूसच उत्तम विनोदी प्रवासवर्णन लिहितो. पु. ल. प्रशिक्षणालाच गेले होते. रिकामा प्रवासी देखावे लिहितो. पण तुरुंगातल्या मित्राचं म्हणणं माझ्या मनात राहिलं.

मधे दोन-तीन दिवस पुस्तक बाजूला होतं. मग इंग्लंडच्या शेतांच्या कडेच्या झुडपांचं प्रकरण आलं. दोन शेतांमध्ये शेकडो वर्षं वाढलेल्या झुडपांच्या ओळी असतात, त्यात पक्षी असतात, फुलं असतात. मोठाली यंत्रं फिरावीत म्हणून त्या तोडल्या गेल्या आणि ब्रायसन त्यावर मनापासून चिडला आहे. एरवी थट्टा करणारा हा माणूस इथे थट्टा करत नाही.

मामा : धुरा म्हन ना.

मी : धुराच. पण त्यांचा धुरा हिरवा आणि जुना.

मामा : आमचा बी जुना हाय. धुऱ्यावरून अकोल्याच्या कोर्टात अशा केसी हायेत का आजानं लावली, बापानं चालवली, अन् नातू तारखेले जाते. एक तास जमीन इकडची का तिकडची, एवढ्यासाठी. वकिलाचा बंगला झाला, धुरा तथीच हाय. ये त्याले सांग तुह्या ब्रायसनले, लिही म्हना.

हे सांगताना ते हसत होते. आपल्याच गावच्या मूर्खपणावर, अगदी खुशीने. मी ते दाखवून दिलं, तर लगेच गंभीर झाले.

मामा : मी हासतो ते अथी, घरात. पुन्यात नाटकात वऱ्हाडी बोलनारा गडी स्टेजवर आला का लोक पहिल्या वाक्यालेच हासतात. त्यानं म्हनावं का माह्यी माय मेली, तरी हासतीन. बोलीवरच हासतात ना. इंग्रजाले बोलीवर हासलं त चालते, त्याच्या बोलीत दुनियेचा कारभार हाय. आमच्या बोलीत काय हाय? ढोरं, वावर अन् कर्ज.

मी : पण आपल्याच लोकांनी याच बोलीत हसवलं आहे. पुरुषोत्तम बोरकरांची ‘मेड इन इंडिया’ 1987 ची, अख्खी कादंबरी वऱ्हाडीत, गावचं राजकारण, गावची मिजास, सगळ्याची खिल्ली. ‘मिर्झा एक्सप्रेस’च्या कार्यक्रमाला अमरावतीत माणसं मांडी ठोकून बसायची. त्याआधीचं सांगू? श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. ‘सुदाम्याचे पोहे’. मराठी विनोदाचं घराणं ज्याच्यापासून मोजतात तो माणूस अकोल्यात, खामगावात, जळगाव जामोदला वकिली करत होता.

मामा : सुदाम्यात वावर कुठी हाय? बंडूनाना हाय, पांडूतात्या हाय, पांढरपेशे हायेत सारे. खामगावात बसून खामगाव सोडून लिहिलं. बोरकराचं मान्य. ते पुस्तक मी दोनदा वाचलं. पन ते आतल्या मानसाचं हाय. तू म्हंतं तसा परका, पायी हिंडनारा, आपल्याकडं आला कधी? आपल्याकडं येते तो आकडा न्याले येते. किती शेतकऱ्यायनं औषध घेतलं, विधवेचा फोटू, सात-बाऱ्याचा फोटू. दुपारी येते, संध्याकायी जाते. त्याच्यासमोर आमी हासलो त त्याची बातमी खराब होते.

यावर मी काही बोलले नाही. पत्रकारांनी आत्महत्यांवर लिहिलं नसतं तर त्या मुंबई-दिल्लीपर्यंत पोचल्याच नसत्या, हे मामांनाही ठाऊक आहे. ते तक्रार करत होते ती वेगळ्या गोष्टीची. आपल्या मुलखाचं एकच चित्र बाहेर गेलं, आणि त्या चित्रात बसायचं तर माणसाने तोंड पाडून बसायचं. ब्रायसनचं इंग्लंड दुःखी नाही असं नव्हे. बंद पडलेल्या गिरण्या त्यात आहेत, उजाड बाजार आहेत. पण तिथल्या माणसाला पुस्तकभर वेगवेगळे चेहरे करायची मुभा आहे.

मी उलट बाजूने प्रयत्न केला. म्हटलं, मामा, इंग्लंडच्या खेड्यांमधली पुष्कळ घरं आता शहरातल्या पैसेवाल्यांची आहेत. शेतकरी थोडे. खेडं म्हणजे चित्र झालंय. हसायला सोपं आहे ते म्हणूनही.

मामा : आता बोल्ली बराबर. त्यायचं गाव होऊन गेलं. आमचं अजून व्हायचं हाय. तुकडोजी महाराजायनं मोझरीले बसून ग्रामगीता लिहिली, 1955 मधी आली ती. गाव कसं असावं, याचं पुस्तक. कसं हाय याचं नाई. झालेल्या गावावर हासता येते. व्हायच्या गावावर हासलं त लोक म्हंतात, हा काम बिघडवाले आला.

हे मला फार चांगलं वाटलं, आणि चूकही वाटलं. ते का, ते पुढे येईल.

त्याआधी बुटांची गोष्ट. पुस्तकात चिखल तुडवत पायी फिरणारे लोक जागोजाग भेटतात, आणि इंग्लंडच्या खेड्यात चिखल म्हटला की गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, वेलिंग्टन बूट. ते नाव ज्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनवरून पडलं तो 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा सेनापती. पण त्याआधी तो नुसता आर्थर वेलस्ली होता, आणि नोव्हेंबर 1803 मध्ये त्याने नागपूरकर भोसले आणि शिंद्यांच्या फौजांशी लढाई केली ती अडगावला. इंग्रजांच्या इतिहासात ते ‘अरगाम’ होऊन बसलंय. म्हणजे मामांचं अडगाव. तिथून तो गाविलगडावर गेला आणि 15 डिसेंबरला तो किल्लाही घेतला.

मामा : मंजे तो चिखलाचा बूट आमच्या वावरातून गेलेल्या मानसाचा?

मी : त्याच्याच नावाचा.

मामा : अन् आमी पानकायात अनवानी फिरलो! काया मातीत चप्पल टिकत नाई, पायाले दोन-दोन किलो माती चिकटते. बूट नेले त्यायनं, माती ठेवली आमच्यासाठी.

इतिहासाच्या दृष्टीने हे वाक्य साफ चुकीचं आहे. वेलस्लीचे बूट चामड्याचे होते आणि त्याने अडगावहून काही नेले नाहीत. पण वऱ्हाडावर विनोदी प्रवासवर्णन लिहायचं झालं तर त्याचं पहिलं वाक्य मला हेच हवं. मामांना मी तसं म्हटलं. त्यांना ते मुळीच रुचलं नाही.

मग शकुंतला. यवतमाळहून मूर्तिजापूरमार्गे अचलपूरला जाणारी, एकशे नव्वदेक किलोमीटरची नॅरोगेज. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने ती घातली, ती वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या मोठ्या लाइनीला आणि तिथून मँचेस्टरला पोचवायला. तिचं वाफेचं इंजिनही 1921 साली मँचेस्टरलाच तयार झालेलं. ते 1994 पर्यंत इथे धावत होतं. स्वातंत्र्य मिळालं, रेल्वे सरकारी झाली, पण या रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली आणि गाडी मात्र भारतीय रेल्वेने चालवायची, असा कारभार. आता ती बंद आहे. ब्रायसन जर मूर्तिजापूरच्या फलाटावर उतरला असता तर कापूस इथला, इंजिन तिथलं, रूळ कंपनीचे आणि वाट पाहणारे आपण, एवढ्यावर त्याचं निम्मं पुस्तक झालं असतं.

मी : इंग्लंडात ससेक्समध्ये ब्लूबेल नावाची छोटी रेल्वे आहे. सरकारने बंद केली, तर लोकांनी 1960 साली स्वतः चालवायला घेतली. हौशी माणसं वाफेची इंजिनं चालवतात, तिकिटं फाडतात. आपण शकुंतला का नाही चालवू शकत?

मामा : चालवू. मी गार्ड होतो. पन तथी ती गंमत म्हून चालवतात. आमच्या अथी बाया दवाखान्यात जाले तिच्यात बसत. एसटीचं तिकीट परवडत नोतं म्हून. तू सांगतं ते खेयनं हाय. आमचं जानं-येनं होतं.

मी : आणि तरी तुम्हीच तिच्या गमती सांगता. गाडी चालू असताना उतरून बोरं तोडायची आणि पुन्हा चढायचं.

मामा : ते खरं हाय.

मी : मग?

मामा : मंग काय? दोन्ही खरं हाय.

इथे मी माझा पत्ता टाकला. माझ्या मते वऱ्हाडात ब्रायसनच्या जातीचा माणूस होऊन गेला आहे. आपण त्याला संत केलं म्हणून तो विनोदी प्रवासी होता हे विसरलो. डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 1876, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव. 1905 मध्ये घर सोडलं ते 1956 मध्ये वलगावजवळ प्राण जाईपर्यंत हिंडतच राहिले. गावात शिरायचं, आधी झाडू घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं. कीर्तन म्हणजे काय, तर समोर बसलेल्यांना प्रश्न विचारायचे. देव कुठे असतो? तेरवीचं जेवण कशाला? कर्ज काढून लग्न कोणासाठी? तीर्थाला जाऊन काय आणलं? उत्तरं गावच देई, आणि उत्तर देता देता गाव स्वतःवरच हसायला लागे. बोली वऱ्हाडी. वही नाही, पेन नाही, अक्षरओळखही नाही.

मामा : गाडगेबाबाले तू त्या अमेरिकन मानसाच्या लाइनीत बसवतं?

मी : त्याच्या पुढे बसवते. तुम्ही म्हणालात ना, व्हायच्या गावावर हसता येत नाही? बाबांनी पन्नास वर्षं तेच केलं. आणि काळ काही भरल्या पोटाचा नव्हता. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं पटापटा मेली, तेव्हा ते जवान होते. सावकाराने त्यांच्या मामाची जमीन घशात घातली ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतरचं हसणं आहे ते.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. ते हरले वगैरे काही नाही. दापुऱ्याचा विचार करत असावेत. मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरा हे बाबांच्या मामांचं गाव. लहानपणी बाबा तिथेच वाढले, तिथेच ढोरं राखली.

मामा : मामाच्या घरी वाढला म्हून एवढा मोठा झाला.

मी : ते आहेच.

मामा : पन फरक पाय. बाबा गाव झाडे, मंग हासवे. अगुदर झाडू. तुह्या ब्रायसन झाडते काय?

मी : तो लिहितो, आणि पुढे संस्थेचा अध्यक्ष होऊन गावांसाठी भांडतो.

मामा : म्हंजे अगुदर हासला, मंग झाडलं.

मी : इंग्रजी पद्धत आहे ती.

मामा : अन् तू काय करशीन? तुले लिहाचंच हाय ना वऱ्हाडावर? कवापासून तेच सुरू हाय तुह्यं. झाडू मारशीन का डायरेक्ट हासशीन?

मी म्हटलं, मी प्राध्यापक आहे, मला दोन्ही येत नाही. पण पायी हिंडेन, एसटीने जाईन, प्रत्येक गावी मुक्काम करीन. चिखलदऱ्यापासून सुरुवात करीन, कारण साहेबाने तिथे आपलं इंग्लंड वसवायचा घाट घातला होता, कॉफीसुद्धा लावली होती. तिथून उतरून परतवाडा, अंजनगाव, अकोट, अडगाव. मामांनी हा मार्ग ताबडतोब बदलला. अंजनगावाहून आधी दर्यापूर करायचं, कारण तिथे त्यांचे साडू आहेत आणि जेवणाची सोय होते. शिवाय पावसाळ्यात निघायचं नाही, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कुणाच्या घरी मुक्काम मागायचा नाही.

मामा : अन् लिहून झालं का छापाले द्याचं नाई. अगुदर अडगावले घेऊन ये. पारावर बसू, सारं वाचून दाखव. ज्याच्यावर लिहिलं तो समोर पायजे.

मी : आणि ते हसले तर?

मामा : त छाप.

मी : आणि नाहीच हसले तर?

मामा : त पुन्याले पाठव. तथी हासतीन.